खिडकीचा बांध

कऱ्हाड तालुक्यात माणसाची ऐपत उसाच्या टनावर कळते, पण स्वभाव कळतो तो बांधावर. दर नांगरटीला फाळ बांधाला ओझरता लागतो आणि चार बोटं माती आपल्या बाजूला येते. शेजारी तोंडाने काही बोलत नाही. त्याच्या नांगरटीला तीच चार बोटं तो परत नेतो. बांध आहे तिथेच राहतो आणि दोन घरं तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मग कधीतरी सरकारी मोजणी लागते. मोजणीदार येतो, यंत्र मांडतो, खुणा करतो, चहा घेतो आणि जातो. रात्री खुणेचे दगड चालायला लागतात. उंब्रजला कृष्णा-तारळीचा संगम आहे, समर्थांच्या अकरा मारुतींतला एक मारुती आहे, पुणे-बंगळूर महामार्गाने गावाचे अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन भाग केले आहेत. तरी चार माणसं पारावर टेकली की विषय निघणार तो बांधाचाच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव. पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आले, ते वरच्या खोलीत अजून आहेत. घरात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, 'आमचे इंजिनिअर' म्हणतात. जमीन वाटणीत गेली, उरली ती खंडाने दिली. त्यामुळे या मुलाच्या वाट्याला बांध असा आलाच नाही. पण रक्त कुठं जातं? त्याने तो लॅपटॉपच्या पडद्यावर घातला.

ज्यांना या गोष्टीचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्राम लिहिणारी मंडळी पत्र लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहीत नाहीत. त्यांचे एडिटर वेगळे. काळा पडदा, त्यावर पांढरी-हिरवी अक्षरं, माउसला सुट्टी. एकाच पडद्याचे उभे-आडवे तुकडे पाडायचे, डावीकडे एक फाईल, उजवीकडे दुसरी. या तुकड्यांना ते खिडक्या म्हणतात. दोन खिडक्यांच्या मध्ये एक उभी रेघ असते. ती रेघ म्हणजे बांध.

आमच्या इंजिनिअरांचा एडिटर व्हिम. त्याचा पूर्वज व्हीआय, तो बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने १९७६ मध्ये बर्कलीला लिहिला. पुढे ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थाने त्याच्याच धर्तीवर १९९१ मध्ये व्हिम बाहेर काढला. व्हिममधल्या त्या उभ्या रेघेसाठी मुळात वापरतात ते कीबोर्डवरचं उभ्या दांडीचं चिन्ह. प्रत्येक ओळीला एक दांडी. पण ही दांडी ओळीच्या पूर्ण उंचीइतकी नसते. वर थोडी फट, खाली थोडी फट. एकाखाली एक पन्नास दांड्या लागल्या की सलग रेघेऐवजी तुटक कुंपण दिसतं.

सामान्य माणसाला हे दिसतही नाही. आमच्या इंजिनिअरांना त्यापुढे दुसरं काही दिसेना.

एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं.

"आप्पा, ही रेघ बघा."

"बघितली."

"आता बघा."

"तीच की."

"नाही आप्पा. आता सलग आहे."

वहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "याचा पगार देतात?"

घरात त्या पोराची बाजू घेणारा मी एकटा निघालो, त्याला कारण माझा धंदा. पेठेत माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, साखरपुड्याची निमंत्रणं, आणि अलीकडे ज्याशिवाय कुणाचा वाढदिवस पार पडत नाही ते फ्लेक्स. रेघ आणि चौकट यांवर माझं पोट आहे. ट्रेडल मशीन होतं त्या काळी आम्ही पत्रिकेची चौकट पितळी रूल लावून करायचो. चार बाजूंना चार रूल आणि कोपऱ्यात तिरके कापलेले सांधे. सांधा कितीही घासला तरी कोपऱ्यात केसाएवढी फट राहायची. वधूपिता भिंगाने बघितल्यासारखा बघायचा आणि म्हणायचा, "कोपरा उघडा राहिला हो." हुंडा दिलाय, वऱ्हाड ठरलंय, नवरदेव कसा आहे याची धड चौकशी नाही, पण कोपरा मिटला पाहिजे. पुढे संगणक आला, पेजमेकर आला. कोपरे आपोआप मिटायला लागले आणि वधूपिते फॉन्टकडे वळले.

तेव्हा त्या सलग रेघेची तहान मला कळते. पोराने केलं होतं ते एवढंच: कीबोर्डवरच्या दांडीच्या जागी युनिकोडमधलं खास रेघेचं चिन्ह नेमलं. युनिकोडमध्ये चौकटी काढायचा स्वतंत्र वाडा आहे, त्यात १२८ चिन्हं आहेत: उभी रेघ, आडवी रेघ, चारही कोपरे, तिठे, चौक, एकेरी, दुहेरी, जाड, बारीक, तुटक. ही चिन्हं मुद्दाम ओळीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत काढलेली असतात, म्हणून एकाखाली एक ठेवली की सांधा दिसत नाही. कल्पना जुनीच. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचातच अशी चाळीस चिन्हं होती. नव्वदच्या दशकात पतसंस्थेत गेला असाल तर तुम्हीही ती बघितली आहेत: निळ्या पडद्यावर दुहेरी रेघेची चौकट, आत आपली शिल्लक, आणि शिल्लक कितीही कमी असली तरी चौकट मात्र राजवाड्याची.

व्हिममध्ये या सगळ्या भरतीच्या चिन्हांचा एक पर्याय आहे, त्याचं नाव फिलकॅर्स. त्यात उभ्या बांधाला कुठलं चिन्ह, मिटून ठेवलेल्या मजकुराच्या ओळीवर कुठलं, असं एकेक सांगता येतं. आणि फाईल संपल्यावर खाली जी मोकळी जागा उरते तिच्यासाठी कुठलं, तेही.

या शेवटच्या कलमावरून आमच्या घरात खरा वाद झाला. व्हीआयच्या काळापासून पद्धत अशी की फाईल संपली की उरलेल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक नागमोडी चिन्ह ( ~ ) दिसतं. अर्थ असा की इथे रिकामी ओळसुद्धा नाही, इथे काहीच नाही. इंजिनिअरांना ही नागमोडी रांग खुपत होती. पूर्वी ती काढून टाकायची सोय नव्हती, तेव्हा लोक तिला पार्श्वभूमीचाच रंग द्यायचे, म्हणजे असून नसल्यासारखी. आता रीतसर सोय झाली आहे. त्या चिन्हाच्या जागी कोरी जागा नेमायची. मी म्हटलं, "अरे, राहू दे. सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा दाखवतात का नाही? पिकाचं क्षेत्र कुठं संपलं आणि खडक कुठं लागला हे कागदावर दिसलं पाहिजे. पोटखराबा पुसलास तर उद्या कुणीतरी त्यात पेरायला जाईल." पोराने ऐकलं नाही. नवी पिढी पोटखराबा दाखवत नाही, एनए करते.

बांध झाला, पोटखराबा झाला. मग गडी अदृश्य गोष्टींच्या मागे लागला.

मजकुरात अक्षरांपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टींची वस्ती मोठी असते. दोन शब्दांमधली जागा, ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली जागा, टॅब, ओळ संपल्याची खूण, न तुटणारी जागा. छापील कागदावर यांचा उपद्रव नाही. प्रोग्राममध्ये मात्र रिकाम्या जागेला मतदानाचा हक्क असतो. मेकफाईल नावाचा प्रकार आहे, त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. चार-आठ जागा सोडून तेवढंच अंतर ठेवलं तरी तो मान्य करत नाही. यॅमल नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात ओळ आत सरकवायला टॅब वापरला तर तो हाकलून देतो. डोळ्याला दोन्ही सारखेच कोरे. म्हणून व्हिममध्ये दुसरा पर्याय आहे, लिस्टकॅर्स. टॅब असेल तिथे दुहेरी बाण दाखव, शेवटी लोंबकळणारी जागा असेल तिथे मधोमध ठिपका दाखव, असं त्याला सांगून ठेवायचं आणि लागेल तेव्हा चालू करायचं.

काहीही न सांगता चालू केलं, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह दिसतं. ओळ संपल्याची ती मूळची खूण. नेमकी त्याच वेळी आमची आई, म्हणजे इंजिनिअरांची आज्जी, गुडघा धरत जिना चढून वर आली. तिने चष्मा पुसून पडदा बघितला. पन्नास ओळी आणि पन्नास डॉलर.

"व्हय रं लेकरा, आता डालरात देत्यात पगार?"

"नाही आज्जी, ते ओळ संपल्याचं आहे."

"म्हंजी दर वळीला एक?"

संध्याकाळपर्यंत अर्ध्या आळीला ही बातमी होती. दुसऱ्या दिवशी दोन स्थळं आली.

आज्जीला त्या पडद्यावरची आणखी एक गोष्ट आवडली, तीही सांगून टाकतो. व्हिम नुसता उघडला की मधोमध काही ओळी दिसतात आणि त्यात बऱ्याचदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं लिहिलेलं असतं. मूलेनार यांनी व्हिम फुकट दिला आणि बदल्यात एवढंच मागितलं: आवडला तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांच्या शिक्षणासाठी, औषधपाण्यासाठी काहीतरी पाठवा. त्यांनी स्वतः तिथे राहून काम केलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. व्हिमचं काम इतर मंडळी पुढे नेत आहेत. आज्जीला हे समजावून सांगितल्यावर तिने आधी विचारलं, "पोरं शिकली का?" आणि मग इंजिनिअरांना विचारलं, "तू धाडलंस का काय?" ते लगेच रेघेचा रंग बदलायला लागले.

रंगाचं म्हणत असाल तर तो एक वेगळाच ग्रंथ होईल. बांध करडा असावा, का फिका करडा, का नुसता भास व्हावा इतका करडा, यात एक गुढीपाडवा गेला. आमच्या गल्लीत घराला रंग देताना जांभळ्याला पोपटी लावून मोकळे होतात. हा पोरगा करड्या रंगाच्या दोन छटा मला शेजारी शेजारी दाखवून 'कुठली बरी' विचारत होता. माझी दृष्टी फ्लेक्सवर तयार झालेली. मी म्हटलं, "भगवा लाव."

इंजिनिअरांचा एक मित्र मसूरचा. तो दुसऱ्या पंथाचा, ईमॅक्सवाला. ईमॅक्सही मुळात १९७६ चा, एमआयटीतला. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५ चा. व्हिमवाले आणि ईमॅक्सवाले एकमेकांशी चांगले वागतात, फक्त एकमेकांच्या एडिटरबद्दल बोलू लागले की हळद उतरली नसली तरी वऱ्हाड परत फिरतं. या मसूरकराने एकदा आमच्या माडीवर बसून ईमॅक्सची अक्षरं दाखवायची पद्धत सांगितली. तिथे एक तक्ता असतो. कुठलं अक्षर आलं तर पडद्यावर कुठलं चिन्ह उमटवायचं हे त्या तक्त्यात मांडून ठेवायचं. साध्या अक्षरांशिवाय त्या तक्त्याला सहा जादा खाने असतात: ओळ कापली गेली तर कुठली खूण, ओळ खाली वळली तर कुठली, मजकूर लपवला असेल तर कुठली, आणि सहावा खाना उभ्या बांधाचा. म्हणजे फाईलमध्ये असेल एक आणि दिसेल भलतंच, अशी अधिकृत सोय. "फायलीत काही बदलत नाही बरं का काका," तो म्हणाला, "फक्त दिसणं बदलतं." मी त्याला सांगितलं की आमच्या धंद्यात याला उमेदवाराचा फोटो म्हणतात.

इथपर्यंत सगळं इंग्रजीत चाललं होतं. म्हणून सुखात होतं.

पौषात पालला खंडोबाची यात्रा भरते. पाल आमच्यापासून जवळ, तारळीच्याच काठी. खंडोबा-म्हाळसेचं लग्न, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. आमच्यासारख्या छापखान्यांना ते दिवस म्हणजे सुगी. एका मंडळाची देणगीदारांची यादी माझ्याकडे छापायला आली. नाव, गाव, रक्कम. तीनचार पोरांनी आपापल्या मोबाईलवर लिहून पाठवलेली. गावाप्रमाणे बेरजा हव्या होत्या. मी म्हटलं, आपल्या घरात एवढा इंजिनिअर आहे, आणि यादी वर नेली.

त्याने डाव्या खिडकीत यादी उघडली. आणि इतके दिवस जिवापाड सरळ केलेला बांध ओळीओळीला वाकडा झाला. एका ओळीत दोन बोटं उजवीकडे, पुढच्या ओळीत एक बोट डावीकडे. कुठे मात्रा अक्षरापासून फारकत घेऊन उभी, कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली. इंजिनिअरांचा चेहरा मोजणी विरोधात गेलेल्या खातेदारासारखा झाला.

याचं कारण त्याने मला समजावलं आणि ते मला लगेच पटलं, कारण खिळ्यांच्या कंपोझिटरांची सगळी हयात याच दुखण्यात गेली. तो काळा पडदा म्हणजे जुन्या टर्मिनलचा वारस. जुन्या टर्मिनलवर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरं, एका घरात एक अक्षर. इंग्रजी अक्षर घरात जातं, दार लावून घेतं, प्रश्न मिटला. देवनागरीत घरात एक माणूस, डोक्यावर अनुस्वार, पायाशी उकार, अंगणात काना आणि दारात वेलांटी. याला किती घरं द्यायची?

आमच्या गावाचंच नाव घ्या. 'उंब्रज' डोळ्याला तीन अक्षरं: उं, ब्र, ज. युनिकोडच्या हिशेबी ती सहा आहेत: उ, अनुस्वार, ब, पाय मोडल्याची खूण, र आणि ज. साठवताना त्यांना १८ बाइट लागतात. आणि पडद्यावरच्या घरांचा हिशेब केला तर अनुस्वार आणि मोडका पाय यांना घर नाही, म्हणून चार. तीन, चार, सहा, अठरा. गाव एकच, ग्रामपंचायत एकच, आणि आकडे चार! ब्र हे जोडाक्षर फॉन्टने एकत्र काढलं तर ते दीडेक घरात मावतं आणि पुढे मोकळी जागा उरते. नाही काढलं तर ब वेगळा आणि र वेगळा. कान्याची तर आणखी मजा. एडिटर म्हणतो कान्याला घर नाही, तो आधीच्या अक्षराकडेच राहतो. काही टर्मिनल म्हणतात त्याला स्वतःचं घर आहे. दोघांचे हिशेब जुळत नाहीत आणि त्या भांडणात शेवटी सरकतो तो बांध. आणि या खेपेला कुणी नांगरसुद्धा घातला नव्हता.

खिळ्यांच्या काळात यावर दोन उपाय होते. एक, अखंड टाइप: मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर. दुसरा, डिग्री टाइप: अक्षर वेगळं, मात्रा वेगळी आणि कंपोझिटरने हाताने वर बसवायची. पहिल्यात खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढायची, दुसऱ्यात कंपोझिटरचं वय. पण निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी त्या काळी बसवलेली देवनागरी आजही बघावी. मात्रा जागची हलत नाही. तेव्हा यंत्राने अडचण सांगितली तर यंत्राची अडचण सोडवायचे. आता यंत्र म्हणतं घरात एकच माणूस, आणि आपण अक्षराला बाहेर ओट्यावर झोपवतो. माझं स्पष्ट मत आहे की हा अन्याय आहे आणि तो दूर करणं टर्मिनल लिहिणाऱ्यांचं काम आहे, देवनागरीचं नव्हे.

इंजिनिअरांनी हार मानली नाही. अक्षरांच्या रुंदीचाही एक पर्याय असतो, ज्यांची रुंदी संदिग्ध आहे अशा चिन्हांना एकऐवजी दोन घरं द्यायची. ती सोय चिनी-जपानी मंडळींसाठी. त्याने ती लावून बघितली. आता त्याची लाडकी सलग रेघसुद्धा त्या संदिग्ध चिन्हांत मोडते. व्हिमने तक्रार केली: आठशे पस्तीस क्रमांकाची चूक, हे तुमच्या फिलकॅर्सशी भांडतंय. लिस्टकॅर्सशी भांडण झालं तर त्याचा क्रमांक आठशे चौतीस. महाराष्ट्रात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे. पण तंट्याला कायमचा क्रमांक देऊन ठेवायची शिस्त आपल्या समित्यांना जमलेली नाही.

शेवटी बांध वाकडाच ठेवून बेरजा करायला घेतल्या. आणि इथे, बांधासाठी नव्हे, त्या अदृश्य गोष्टींसाठी, मला पोराचं कौतुक वाटलं.

'कऱ्हाड' शोधलं. माझ्या डोळ्यांना यादीत कऱ्हाड ढीगभर दिसत होते. यंत्राला थोडेच सापडले. बाकीचे कऱ्हाड समोर बसलेले, एका फॉन्टचे, एका मापाचे, आणि यंत्र म्हणतंय इथे कऱ्हाड नाही. पोराने न सापडणाऱ्या एका नावावर कर्सर नेला आणि जी आणि ए या दोन कळा दाबल्या. खाली त्या अक्षराची कुंडली आली. असं एकेक तपासत गेल्यावर काही कऱ्हाडांच्या पोटात एक आकडा निघाला, २००डी. हे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दिसत नाही, जागा घेत नाही, पण असतं.

झालं होतं असं. कऱ्हाडमधला तो पापणीसारखा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली, ऱ हे स्वतंत्र अक्षर घ्या, त्याचा पाय मोडा आणि ह लावा. दुसरी, साधा र घ्या, खाली नुक्ता द्या, पाय मोडा. तिसरी, साधा र घ्या, पाय मोडा आणि मध्ये ते अदृश्य जोडचिन्ह घाला. तिसरी पद्धत जुन्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला म्हणून युनिकोडने मान्य ठेवली आहे. तिन्ही कागदावर एकच दिसतात. यंत्राला मात्र ती तीन वेगळी गावं, जोवर कुणी त्याला ही एकच आहेत असं शिकवत नाही. आणि जोडचिन्ह न घालता र चा पाय मोडला की 'कर्हाड' होतं, रफार ह च्या डोक्यावर जातो, ते चौथं गाव. महामार्गावरच्या पाट्यांवर नुसतं 'कराड' असतं, ते पाचवं.

देणगीच्या यादीत हे विनोदी वाटतं. सातबाऱ्यावर नाही. खातेदाराचं नाव कागदावर बरोबर दिसतंय आणि शोधलं तर मिळत नाही, अशी वेळ आली की माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांवर, मग तलाठ्यावर आणि शेवटी भाऊबंदांवर संशय घेतो. लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आहे, अर्ज करता येतो. पण अर्जात लिहायचं काय? 'माझ्या नावात जे दिसत नाही ते काढून टाकावे'? राज्य शासनाने २००९ मध्ये देवनागरीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, ल आणि श मराठी वळणाचे कसे काढायचे हेही सांगितलं. ते चांगलंच झालं. पण ते दिसणाऱ्या अक्षरांचं झालं. न दिसणाऱ्यांना अजून वाली नाही.

पोराने सगळ्या तऱ्हांचे कऱ्हाड एका आज्ञेत एक केले. बेरजा जुळल्या. मंडळाच्या खजिनदारांनी यादी बघून विचारलं, "कऱ्हाडकरांची रक्कम एवढी वाढली कशी?" मी म्हटलं, "देणगी तेवढीच होती, दिसत नव्हती." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पावतीपुस्तकं परत एकदा मोजून घेतली.

यावरून माझं मत बनलंय ते असं. अदृश्य चिन्हं दाखवायचा पर्याय प्रत्येक मराठी लिहिणाऱ्याने चालू करून ठेवावा. प्रोग्राम लिहायचे नसले तरी. साध्या लेखन-सॉफ्टवेअरमध्येसुद्धा उलट्या पी सारखं एक बटण असतं, ते दाबलं की जागा, टॅब, परिच्छेद सगळे उघडे पडतात. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ते दाबलं की कळतं, लोकांनी नाव मधोमध आणायला स्पेसबार किती वेळा दाबलाय ते. पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.' च्या आधी मी चाळीस-चाळीस जागा बघितल्या आहेत. रेघेचं मात्र वेगळं. रेघ तुटक असली काय, सलग असली काय, करडी असली काय, कामाला काही फरक पडत नाही. ती हौस आहे. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मग वहिनींनी विचारलेला प्रश्न तेवढा उरतो.

इंजिनिअर सध्या देवनागरीतही बांध सरळ राहील असं टर्मिनल शोधतायत. दोन-तीन सापडली आहेत म्हणे, जोडाक्षरं नीट काढणारी. त्यांतल्या एकात उंब्रज सरळ येतं पण कऱ्हाड वाकडं, दुसऱ्यात उलट. त्यांनी गावाचा अभिमान बाजूला ठेवून अजून निर्णय घेतलेला नाही.

तालुक्यातल्या समस्त डीटीपी ऑपरेटर, सेवा केंद्रवाले, मंडळांचे सचिव आणि मोबाईलवर याद्या लिहिणाऱ्या पोरांना मात्र एक विनंती आहे. तालुक्याचं नाव सगळ्यांनी एकाच तऱ्हेने लिहा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर जे च्या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. मग डी दाबून त्याचा पाय मोडा, आणि मग ह. मध्ये दुसरं काही घालू नका.